रात्याचा तांबडेपणा जातो कुठे

साल १९३०, दिवाळी तोंडावर. वसईच्या खाजणालगत एका अंगणात तुम्ही उखळापाशी उभे आहात आणि आजीने मुसळ तुमच्या हातात दिलंय. उखळात राता आहे, खारं पाणी सोसणारा कोकणचा तांबडा भात. "जोर नको लावूस बाबा, कणी होईल," ती बजावते. सुपात पाखडलं की तूस उडून जातं, पण दाण्यावर तांबडी साल जागोजाग चिकटून राहते. हातसडीचा तांदूळ तो हाच. एक दाणा नखाने खरवडून बघा, आत पांढराच. रंग फक्त सालीत, आणि लोहाचा मोठा वाटाही तिथेच, सालीला लागून असलेल्या थरात.

पुढे गावात भाताची गिरणी येते. आजीचं सकाळभराचं काम मिनिटांत उरकतं आणि कोंडा गुरांपुढे जातो. गिरणीला नावं ठेवणारे बहुधा मुसळ न उचललेलेच असतात.

आता मागे चला, काही हजार वर्षं. लोंबीतले सगळे दाणे रानभातासारखे तांबडे. मग एका रोपात आरसी नावाच्या जनुकातली १४ अक्षरं गळतात, रंग बनवण्याचा हुकूमच तुटतो आणि दाणा पांढरा निघतो. तो कुणाच्या तरी मनात भरतो, त्याचं बी राखलं जातं. आज वाण्याकडच्या बहुतेक पांढऱ्या तांदळांच्या अंगात तीच तूट आहे. लोह मात्र या अपघाताने गेलं नाही, ते नंतर सडण्यात गेलं.

२०१६, हैदराबादजवळचं राजेंद्रनगर. सडूनही पोषण टिकावं म्हणून भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने 'डीआरआर धान ४५' हा जास्त जस्ताचा वाण दिलाय. मूठभर सडीक तांदूळ हातात घ्या. एरवी किलोमागे जस्त १२ ते १६ मिलिग्रॅम, इथे २२.६. डोळ्यांना फरक कळत नाही, तो क्ष-किरणांच्या यंत्रालाच दिसतो. लोह सोडून जस्तच का? ते दाण्याच्या गाभ्यापर्यंत मुरतं, गिरणी सगळं काढू शकत नाही. लोह वरच्या थरात अडकून बसतं, म्हणून तांदळात ते वाढवणं नुसत्या संकराने फारसं साधलेलं नाही.

बाजरीत साधलं. २०१२ मध्ये राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही संशोधन संस्था यांनी महाराष्ट्रात 'धनशक्ती' आणली. १९८८ च्या एका वाणातूनच निवडलेली, लोह किलोमागे ७१ मिलिग्रॅम. बाजरी कोंड्यासकट दळली जाते, त्यामुळे लोह पिठात उतरतं. घाटावरून विरारला आलेल्या बिऱ्हाडांना ती भाकरी रोजची. मूळ वसईकराच्या तव्यावर मात्र भाकरी तांदळाची, तेव्हा इथे भिस्त ठेवायची ती जस्ताच्या भातावरच.