नकाशाच्या फायली आणि ड्राफ्ट्समनचे वेतन

डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने मुंबईतील वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत जाणारा ड्राफ्ट्समन आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहोत. त्याचा टी-स्क्वेअर गेला, ट्रेसिंगचा कागद गेला, संगणक आला. परंतु चुकीचे खापर फोडावयाचे झाले की डोके मात्र त्याचेच. म्हणून या धंद्याचा इतिहास केवळ यंत्राचा इतिहास म्हणून सांगणे आम्हांस मान्य नाही.

कागदावरचा नकाशा कोणत्याही पेनाने काढलेला असो, जाणकारास तो वाचता येई. ही सोय संगणकाने हिरावली. १९८२च्या डिसेंबरात अमेरिकेतील ऑटोडेस्क कंपनीने ऑटोकॅड बाजारात आणले. त्याच्या डीडब्ल्यूजी या नित्याच्या फायलीची अंतर्गत रचना कंपनीने प्रसिद्ध केली नाही. इतर प्रोग्रामांशी देवघेव व्हावी म्हणून डीएक्सएफ नावाची दुसरी फाईल दिली व तिची रचना मात्र जाहीर केली. म्हणजे ओसरी सर्वांना खुली, माजघराला कुलूप!

पुढे डीडब्ल्यूजीही दर काही वर्षांनी बदलत गेली. नव्या आवृत्तीची फाईल जुन्या प्रोग्रामात उघडेना. साध्या मजकुराच्या प्रोग्रामात ती उघडली, तर पहिल्या सहा अक्षरांत तिचे कुळ दिसते: एसी१०१५ म्हणजे २०००ची, एसी१०३२ म्हणजे २०१८ची. हे आम्हांस एका तरुण ड्राफ्ट्समनने शिकविले. आमची सारी विद्या अशाच गुरूंकडची.

१९९८ साली इतर कंपन्यांनी ओपनडीडब्ल्यूजी अलायन्स स्थापन करून ही रचना बाहेरून उलगडण्याचे काम हाती घेतले. कामगारांनी संघ केला की मालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. कंपन्यांनी केला की ती प्रगती ठरते. २००६ साली ऑटोडेस्कने या संघटनेवर दावा लावला. २००७ साली तो तडजोडीने मिटला.

परंतु फाईल उघडली म्हणजे नकाशा कळला, असे नव्हे. अक्षरांचे फॉन्ट फायलीबरोबर जात नाहीत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली टीप दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी होऊन दिसे. २००७च्या आवृत्तीपासून युनिकोड आले, तरी जुन्या फायली तशाच राहिल्या.

त्याहून मोठा घोळ मापांचा. १९५६च्या कायद्याने आपण मेट्रिक मापे स्वीकारली. तरी मंजुरी चौरस मीटरांत आणि घराची बोलणी चौरस फुटांत, असा आपला संसार आहे. एका कचेरीत आमच्या सभासदाने मिलिमीटरमध्ये काढलेला नकाशा दुसरीकडे उघडताच २५.४ पट मोठा झाला. तीन मीटरांची खोली शहात्तर मीटरांची! त्याचे तीन दिवसांचे वेतन कापले गेले.

आम्ही व्यवस्थापकासमोर बसून ती फाईल उघडावयास लावली. रेषा बिनचूक होत्या. फक्त एककाची नोंद कोरी होती, आणि घेणाऱ्या प्रोग्रामने आपल्या समजुतीने इंच धरले होते. ती नोंद भरण्याची सूचना त्या कचेरीने कोणासही दिलेली नव्हती. मिलिमीटर अशी नोंद करून फाईल पुन्हा घेतली, तेव्हा खोली तीन मीटरांची झाली. कापलेले वेतन पुढच्या महिन्यात परत मिळाले. फायलीबरोबर आवृत्ती, एकक व फॉन्ट यांची चिठ्ठी जोडावी, हे आमचे म्हणणे व्यवस्थापकाने तोंडी मान्य केले. लेखी दिले नाही.