एकदा पाठवलेलं पुन्हा का पाठवायचं?

पीएचडीचा विषय शोधताय? मग नेटवर्कमधल्या एका जुन्या प्रश्नाची ही गोष्ट तुमच्यासाठी.

१९९० च्या दशकात वेब कॅशे आले. एकदा आणलेलं पान जवळ ठेवायचं, पुन्हा मागितलं की तिथूनच द्यायचं. पण कॅशे पान ओळखायचा पत्त्यावरून. तेच चित्र दुसऱ्या पत्त्यावर असलं, तर ते पुन्हा अख्खं यायचं.

२००० साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नील स्प्रिंग आणि डेव्हिड वेदरॉल यांनी पत्ता बाजूला ठेवला आणि थेट बाइट्स बघितले. लिंकच्या दोन्ही टोकांना नुकत्याच गेलेल्या पॅकेट्सचा सारखाच साठा. नव्या पॅकेटमधला तुकडा त्यात सापडला, की तुकड्याऐवजी फक्त छोटी खूण पाठवायची. पलीकडचं टोक मूळ तुकडा भरून घेतं.

पण तुकडे शोधायचे कसे? ठरावीक लांबीचे पाडले, तर सुरुवातीला एक अक्षर वाढलं तरी पुढचं सगळं सरकतं. म्हणून एक छोटी खिडकी बाइट-बाइट सरकवत फिंगरप्रिंट काढायचे आणि शेवटचे काही बिट शून्य असतील तेवढेच ठेवायचे. निवड जागेवरून नाही, मजकुरावरून होते. गंमत म्हणजे फिंगरप्रिंटची ही पद्धत मायकेल रेबिन यांची, १९८१ ची! १९९४ मध्ये उदी मॅनबर यांनी सारख्या फाइल्स शोधायला ती वापरली होती.

मग एन्क्रिप्शन वाढलं. तोच मजकूर वेगळ्या किल्लीने बंद केला की मधल्या यंत्राला वेगळाच दिसतो. पुनरावृत्ती असते, पण दिसत नाही. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे संशोधक असलेल्या गटाने 'एंडआरई' मांडलं. त्यात हे काम मधून काढून थेट दोन टोकांच्या संगणकांवर, एन्क्रिप्शनच्या आधी नेलं.

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मीसुद्धा मधल्या यंत्राला सगळं वाचता येतं असं धरून चाललो होतो. गाईडनी समासात दोनच शब्द लिहिले: 'वाचणार कोण?' दोन महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं.

म्हणून सांगतो, पेपर वाचताना पद्धतीसोबत तिचं गृहीतकही वहीत लिहा. ते आज खरं आहे का, हे तपासा. नसेल, तर कदाचित तिथेच तुमचा विषय आहे.