गुलाब, गवत आणि सुई

ऋतू पालटला की शिंका सुरू होणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात. कुणाला पावसाळा सरता सरता त्रास होतो, कुणाला थंडी ओसरताना. डोळे चुरचुरतात, नाक वाहतं, टाळूला खाज सुटते. ताप नसतो, म्हणून घरचे फारसं मनावर घेत नाहीत. 'सर्दीच आहे, जाईल,' म्हणतात. ती जातेही, पण पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा येते. मग एखाद्या वर्षी डॉक्टर विचारतात, "अॅलर्जीची इंजेक्शनं सुरू करायची का? तीन वर्षं तरी घ्यावी लागतील." इथे भलेभले विचारात पडतात. तीन वर्षं सुया टोचून घ्यायच्या, तेही शिंकांसाठी?

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न आमच्या घरात आला. माझा भाचा कॉलेजात शिकतो. दर वर्षी ऐन परीक्षेच्या आधी त्याचं नाक आणि डोळे संप पुकारतात. अलीकडे रात्री छातीत घरघरही होऊ लागली. तो मला म्हणाला, "मामू, एवढ्या सुया घेऊनही गुण आला नाही तर?" मी बी.ए. झालेला कवी माणूस, मी काय उत्तर देणार? पण या सुईचा इतिहास मी वाचून काढला. त्यातून जे हाती लागलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात हजारएक वर्षांपूर्वीची आहे. आजच्या तेहरानजवळ रय नावाचं शहर होतं. तिथले थोर हकीम अल्-राझी. त्यांच्या काळातले एक विद्वान, अबू झैद अल्-बल्खी, यांना दर वसंतात गुलाबाचा वास घेतला की सर्दी व्हायची. अल्-राझींनी या एका तक्रारीवर स्वतंत्र लेख लिहिला. फारसी आणि उर्दू शायरांनी गुलाबापायी बुलबुलला किती रडवलं, ते आपण जाणतोच. इथे तर गुलाबावर माणसाला रडवल्याचा आरोप होता.

पण आज आपल्याला ठाऊक आहे, की गुलाबाचे पराग जड आणि चिकट असतात. ते कीटकांच्या अंगाला चिकटून प्रवास करतात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. वसंतात गुलाब फुलतो, त्याच दिवसांत कितीतरी झाडं आणि गवतंही फुलतात. त्यांची फुलं नजरेत भरत नाहीत, पण पराग हलके असतात आणि वाऱ्याबरोबर दूरवर जातात. म्हणजे खरा गुन्हेगार बहुधा त्यांच्यातला होता. डोळ्यांत भरणाऱ्या गुलाबाचं नाव मात्र पुढे आलं.

हीच चूक पुढे पुन्हा पुन्हा झाली. १८१९ साली लंडनमध्ये जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी वैद्यक मंडळापुढे एका रुग्णाची हकीकत वाचली. दर उन्हाळ्यात डोळे लाल, शिंका, छातीत दडपण. तो रुग्ण म्हणजे ते स्वतःच होते. लहानपणापासून हा त्रास त्यांच्या मागे होता. रक्त काढून पाहिलं, अफू घेऊन पाहिली, उपयोग झाला नाही. १८२८ पर्यंत अशा २८ रुग्णांची माहिती त्यांनी जमवली. लोक म्हणत, हा सुक्या गवताच्या वासाचा ताप, म्हणून 'हे फीव्हर' हे नाव पडलं. बोस्टॉक यांना ते पटलं नाही. त्यांनी दोष दिला उन्हाळ्याच्या उष्म्याला.

खरा गुन्हेगार पकडला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. हेही डॉक्टर, आणि हेही रुग्ण. त्यांनी स्वतःच्या त्वचेवर ओरखडा काढून त्यावर पराग ठेवले, तिथे गांधी उठली. चिकट काचा पतंगाला बांधून आकाशात सोडल्या आणि वर किती पराग आहेत ते मोजलं. १८७३ साली त्यांचं पुस्तक आलं. दोष उन्हाचा नाही आणि वासाचाही नाही, परागांचा आहे, हे त्यांनी सिद्ध केलं. आज अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे हातावर थेंब ठेवून जी तपासणी होते, तिचं मूळ ब्लॅकलींच्या त्या ओरखड्यात आहे.

आता सुईकडे येऊ. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड नून आणि जॉन फ्रीमन हे दोन तरुण डॉक्टर काम करत होते. नून यांची समजूत अशी, की परागांत काही विष असतं. मग घटसर्पासारखं थोडं थोडं विष टोचलं तर शरीर त्यावर उतारा तयार करील. त्यांनी टिमथी नावाच्या गवताच्या परागांचा अर्क काढला आणि अगदी कमी मात्रेपासून टोचायला सुरुवात केली. गुण किती आला हे पाहायला रुग्णाच्या डोळ्यात अर्काचा थेंब टाकत. डोळा लाल व्हायला पूर्वीपेक्षा जास्त अर्क लागला, तर सुधारणा आहे असं समजत. १९११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे काम छापून आलं. मात्रा मोठी झाली किंवा फार घाईघाईने दिली, तर त्रास उलट वाढतो, हा इशाराही नून यांनी तेव्हाच दिला होता. दोन वर्षांत, १९१३ साली, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. काम फ्रीमन यांनी पुढे नेलं.

गंमत अशी, की नून यांची समजूत चुकीची होती. परागांत विष नसतं. व्हिएन्नाचे फॉन पिर्के यांनी १९०६ सालीच 'अॅलर्जी' हा शब्द घडवला होता, पण आत नेमकं काय घडतं ते कळायला १९६६-६७ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी 'आयजीई' हे प्रतिद्रव्य शोधलं. निरुपद्रवी परागाला शरीर शत्रू समजतं आणि पहारेकरी विनाकारण दंगा करतात, असा हा प्रकार. सुई काय करते, तर त्या परागाची ओळख हळूहळू, वाढत्या मात्रेत करून देते आणि पहारेकऱ्यांना शांत राहायला शिकवते. कारण चुकीचं सांगितलं गेलं, तरी उपाय टिकला, कारण तो अनुभवाच्या कसोटीला उतरला.

ही कसोटी नीट लावली त्याच हॉस्पिटलच्या विल्यम फ्रँकलंड यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांचे युद्धकैदी होते, पुढे पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंग यांचे सहायक झाले, आणि २०२० साली १०८ व्या वर्षी वारले. १९५४ साली त्यांनी आणि रोझा ऑगस्टिन यांनी २०० रुग्णांवर तुलना करून दाखवलं, की परागांच्या अर्काची इंजेक्शनं नुसत्या नावापुरत्या इंजेक्शनांपेक्षा खरोखर जास्त गुण देतात. १९९९ साली लंडनमधूनच आणखी महत्त्वाची गोष्ट पुढे आली. तीन-चार वर्षं ही इंजेक्शनं घेऊन थांबलेल्या रुग्णांना पुढची तीन वर्षंही फायदा टिकला. गोळी बंद केली की तिचा परिणाम संपतो. सुईचं तसं नाही.

पण या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १९८६ साली ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने जाहीर केलं, की १९५७ पासून अशा इंजेक्शनांमुळे २६ मृत्यू झाले. त्यात दम्याचे रुग्ण बरेच होते. नियम कडक झाले आणि ज्या देशात ही सुई जन्मली, तिथेच ती जवळजवळ बंद पडली. आज सगळीकडे शिस्त आहे ती त्यामुळेच. इंजेक्शन घेतल्यावर किमान अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. अॅड्रेनालिन हाताशी असलं पाहिजे. दमा आटोक्यात नसेल तर सुई नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. घरी कंपाउंडरला बोलावून टोचून घ्यायची ही सुई नव्हे.

आपल्याकडेही आरोपी चुकतोच. पुण्यात १९५५ च्या सुमारास गाजरगवताची नोंद झाली. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं आणि ते पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं ठरवून टाकलं. तो करार झाला १९५६ साली! या गवताचा त्रास खरा आहे. त्याच्या परागांनी काहींना शिंका येतात, आणि ते उपटणाऱ्यांच्या अंगावर पुरळ उठतं. पण त्या पुरळावर ही इंजेक्शनं चालत नाहीत, तो वेगळा आजार आहे. शिवाय प्रत्येक शिंकेमागे गाजरगवतच असतं असंही नाही. पावसाळ्यातली बुरशी असेल, गादी-उशीतल्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे असतील. किडे वर्षभर असतात, पराग ठरावीक महिन्यांत. म्हणून त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला आणि कधी थांबला, हे वहीत लिहून ठेवणं फार उपयोगी पडतं. नुसती तपासणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणूनही भागत नाही. हातावर गांधी उठते, पण त्या गोष्टीचा त्रास काहीच नसतो, अशीही माणसं असतात. वहीतल्या तारखा आणि हातावरची गांधी जुळली, तर गुन्हेगार सापडला म्हणायचं.

तो सापडल्यावर पुढचा हिशेब. वर्षातून तीन-चार आठवडे त्रास असेल आणि नाकातल्या फवाऱ्याने, गोळीने भागत असेल, तर सुईची गरज नाही. मी त्याच गटात आहे. पण औषधं घेऊनही कामधंदा, अभ्यास, झोप बिघडत असेल, तर सुईचा विचार जरूर करावा. सुरुवातीला बहुधा दर आठवड्याला, मग महिन्याला एक, अशी तीन ते पाच वर्षं जातात. खर्च आणि फेऱ्या आधीच विचाराव्यात. पूर्ण मात्रा सुरू होऊन वर्ष झालं आणि फरक नसेल, तर थांबावं, हेही आधीच ठरवून घ्यावं.

भाच्याच्या वहीतल्या तारखा आणि हाताची तपासणी, दोन्हींनी गवताच्या परागांकडेच बोट दाखवलं. डॉक्टरांनी आधी त्याची घरघर आटोक्यात आणली. मग त्याने स्वतःच ठरवलं. "मामू, एक वर्ष मनापासून घेतो. मग हिशेब करू." मला हे उत्तर रास्त वाटलं. आता दर शनिवारी इंजेक्शन घेऊन तो अर्धा तास दवाखान्याच्या बाकावर पुस्तक वाचत बसतो. निकाल काय लागेल ते एका वर्षाने कळेल.