निकालाचे माप आणि मागे राहिलेले मूल

शाळा तपासायला दिपोटीसाहेब यावयाचे असले म्हणजे आपल्याकडच्या खेड्यातील शाळेत पूर्वी काय धांदल उडत असे, हे जुन्या मंडळींना सांगायला नकोच. जमीन सारवली जाई, कपाटातले नकाशे भिंतीवर येत, हुशार मुले पुढच्या रांगेत बसत आणि दोन-चार कच्ची मुले नेमकी त्याच दिवशी ‘आजारी’ पडत! हा प्रकार हसण्यासारखा दिसतो खरा. पण त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न आहे. शाळेचे माप काढायचे ते कशासाठी? तिला हात देण्यासाठी, की तिचे कान उपटण्यासाठी? आणि तपासणीच्या दिवशी घरी बसवलेल्या त्या कच्च्या मुलाची दाद कोणी घ्यायची?

हा प्रश्न केवळ आपला नाही. गेल्या दीडशे वर्षांत इंग्लंड आणि अमेरिका या दोन संपन्न देशांनी त्याला हात घातला, आणि दोघांचेही हात थोडेफार पोळले. मधल्या काळात आपल्या पुण्यातील एका माणसाने याच प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देऊन ठेवले होते. ही हकिकत क्रमाने पाहू.

1858 साली इंग्लंडात ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमण्यात आला. सामान्य लोकांच्या मुलांचे शिक्षण कसे चालले आहे, हे त्याने पाहावयाचे होते. 1861 साली आयोगाने सांगितले की, मास्तरांचे सारे लक्ष वरच्या वर्गातल्या मुलांकडे असते. खालच्या वर्गातली लहान मुले तशीच पडून राहतात, आणि त्यांतली पुष्कळशी धड लिहा-वाचायला येण्याआधीच शाळा सोडून कामाला लागतात. निदान अगदी खरे होते. मागे राहणारे मूल आयोगाला दिसले होते.

औषध मात्र निराळेच निघाले. त्या वेळी शिक्षणखात्याचा कारभार रॉबर्ट लो नावाच्या गृहस्थांकडे होता. मोठे बुद्धिमान आणि तितकेच हिशेबी. शिक्षण स्वस्त तरी होईल नाही तर चांगले तरी होईल, अशा आशयाचे आश्वासन त्यांनी पार्लमेंटला दिले आणि 1862 साली नवी नियमावली आणली. तिलाच पुढे ‘निकालावर अनुदान’ असे नाव पडले. हिशेब असा : सरासरी हजेरीवर दरडोई 4 शिलिंग. शिवाय ज्या मुलाच्या वर्षात 200 हजेऱ्या भरतील, त्याच्यामागे 8 शिलिंग. पण त्यासाठी त्याने इन्स्पेक्टरसमोर वाचन, लेखन व गणित या तिन्ही विषयांत उतरले पाहिजे. एका विषयात नापास झाला की 2 शिलिंग 8 पेन्स कापले. तिन्ही विषयांत गेला की आठही शिलिंग बुडाले.

कागदावर योजना कशी चोख दिसते! जितके काम तितका दाम. पण ती वर्गात उतरली तेव्हा काय झाले? मास्तरांनी वर्षभर तेच एक वाचनाचे पुस्तक मुलांकडून घोकून घेतले. इन्स्पेक्टरसाहेबांसमोर मूल खडाखडा वाचून दाखवी. पुस्तक बदलले की त्याची दातखीळ बसे. कवी म्हणून ख्यातनाम असलेले मॅथ्यू आर्नोल्ड हे तेव्हा शाळा-इन्स्पेक्टरच होते. या पद्धतीने शिकवणे यंत्रासारखे होत चालले आहे आणि वाचता न येणारे मूलही वाचनात पास होऊ शकते, असे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले. शिवाय इतिहास, भूगोल यांसारख्या ज्या विषयांना शिलिंग लागलेले नव्हते, ते मागे पडत गेले.

याहून वाईट गोष्ट निराळीच होती. ज्या मुलाला शेतावर नाही तर गिरणीत राबावे लागे, त्याच्या 200 हजेऱ्या भरणार कशा? आणि त्या भरल्या नाहीत तर त्याला शिकवून शाळेला त्या आठ शिलिंगांतले काय मिळणार? म्हणजे ज्याला शिकवण्याची निकड सर्वांत अधिक, तेच मूल हिशेबात सर्वांत बिनकिमतीचे ठरले. सरकारचे अनुदान मात्र 1861 साली सुमारे 8 लाख 13 हजार पौंड होते, ते 1865 साली 6 लाख 37 हजारांवर आले. शिक्षण स्वस्त झाले, एवढे वचन पाळले गेले! ही पद्धत पुरती मोडून निघायला 1890 नंतरची वर्षे उजाडली.

इंग्लंडात चाललेल्या गोष्टी हिंदुस्थानात यायला त्या काळी वेळ लागत नसे. निकालावर अनुदान देण्याची ही कल्पना इथेही आली. 1882 साली लॉर्ड रिपन यांनी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. या आयोगापुढे मुंबई इलाख्यातून जी निवेदने गेली, त्यांत 19 ऑक्टोबर 1882 या तारखेचे एक निवेदन महात्मा जोतीराव फुले यांचे होते. 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून, पुढे अस्पृश्य मुलांसाठीही शाळा चालवून, जोतीरावांनी हा विषय स्वतःच्या हातांनी हाताळलेला होता. त्यामुळे त्यांचे म्हणणे बैठकीतल्या पंडिताचे नव्हते.

सरकारचा महसूल बव्हंशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे जातो, हे त्यांनी रोखठोक सांगितले. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, असे मागितले. आणि निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीविषयी त्यांचे मत असे की, गरीब व अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला ती मुळीच कामाची नाही. कारण त्या लोकांत अजून शिक्षणाची गोडी उत्पन्न झालेली नाही. अशा वस्तीत निकालाच्या भरवशावर कोणता मास्तर जाईल? त्याचे पोटच भरणार नाही. ती गोडी लागेपर्यंत तिथे सरकारनेच शाळा चालवाव्यात आणि खास उत्तेजन द्यावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जोतीरावांचा निकालाला विरोध नव्हता. मास्तरला 12 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असे ते म्हणतात; आणि जो मास्तर पुष्कळ मुले पास करील त्याला पगाराखेरीज काही अधिक द्यावे, असेही म्हणतात. आधी भाकरी पक्की करा, मग वर तूप घाला, अशी ही व्यवस्था. लोसाहेबांनी भाकरीच तराजूत टाकली होती. दोन्ही योजनांत निकाल आहे, पैसा आहे; पण एकीत मास्तर कच्च्या मुलाकडे जायला धजतो आणि दुसरीत त्याच्यापासून पळतो.

आता अमेरिकेकडे वळू. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्याने वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 17 मे 1954 रोजी दिला. 1965 साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा मोठा कायदा केला आणि गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचा पैसा वाहू लागला. जॉन्सन स्वतः तरुणपणी टेक्सासमधल्या कोटुला गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांचे मास्तर होते. कायद्यावर सही करायला ते आपल्या लहानपणच्या एकखोली शाळेपाशी गेले आणि आपल्या पहिल्या बाईंना त्यांनी शेजारी बसवले.

पुढच्याच वर्षी जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे 4 हजार शाळा आणि 6 लाखांवर मुले यांची पाहणी त्यामागे होती. ईशान्येकडील महानगरांत कृष्णवर्णीय मुले गोऱ्या मुलांच्या मानाने सहावीत दीड वर्षाहून थोडी अधिक मागे होती, नववीत जवळजवळ अडीच वर्षे आणि बारावीत सव्वातीन वर्षांहून अधिक. म्हणजे शाळेत जितके दिवस जावे तितके अंतर वाढतच होते! घरच्या परिस्थितीचा प्रभाव फार मोठा असतो, असे कोलमन यांनी दाखवले. त्यावरून ‘मग शाळेने काहीच होत नाही’ असा अर्थ काहींनी काढला. पण वंचित मुलांच्या बाबतीत शाळेच्या चांगलेवाईटपणाने अधिक फरक पडतो, हेही त्याच अहवालात होते.

पैसा गेला, वर्षे गेली, काही काळ अंतर कमीही झाले. पण ते मिटले नाही. तेव्हा 8 जानेवारी 2002 रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली. एकही मूल मागे राहू नये, असे त्याचे नावच होते. तिसरी ते आठवीपर्यंत दरसाल वाचन आणि गणित यांची परीक्षा घ्यायची, आणि निकाल केवळ शाळेच्या सरासरीने मोजायचा नाही. गरीब मुलांचा वेगळा, प्रत्येक वंशाच्या मुलांचा वेगळा, अपंग मुलांचा वेगळा, इंग्रजी न येणाऱ्यांचा वेगळा. शंभरांतली किमान 95 मुले परीक्षेला बसलीच पाहिजेत. तपासणीच्या दिवशी कोणाला ‘आजारी’ पाडायची सोय ठेवली नाही!

या एका कलमाचे मोल फार आहे. सरासरी मोठी फसवी असते. दहा हुशार मुलांच्या गुणांखाली पाच कच्ची मुले सहज झाकली जातात आणि शाळेच्या दारावर ‘उत्तम’ असा फलक लागतो. तो पडदा या कायद्याने ओढून काढला.

पण पडदा काढून थांबता आले नाही. 2014 पर्यंत शंभर टक्के मुले पात्र झालीच पाहिजेत, असे फर्मान निघाले. केंद्राचा पैसा घेणारी शाळा दोन वर्षे चुकली तर पालकांना दुसरी शाळा निवडण्याची मुभा. तीन वर्षे चुकली तर बाहेरच्या शिकवण्या. आणि तरीही सुधारली नाही तर शिक्षक बदला, शाळेची फेररचना करा, अशी चढती भाजणी होती. मग इंग्लंडचाच पाढा पुन्हा सुरू झाला. कित्येक राज्यांनी पात्रतेची रेघच खाली ओढली. परीक्षेत नसलेल्या विषयांचे तास आटले. शिकागोतील निकाल तपासणाऱ्या अभ्यासकांना दिसले की काठावरची मुले वर सरकली, अगदी तळाची होती तिथेच राहिली. 2011 साली जॉर्जिया राज्याच्या चौकशीत अटलांटा शहरातील 44 शाळांत उत्तरपत्रिकांची फसवेगिरी उघडकीस आली. खालच्या वर्गांतील गणित काहीसे सुधारले, हे मान्य केले पाहिजे. वाचनात तशी प्रगती दिसली नाही. 2011 पर्यंत देशातल्या जवळजवळ निम्म्या शाळा ‘नापास’ ठरल्या होत्या. निम्म्या शाळा नापास ठरवणारे माप खरोखर बुडणारी शाळा कोणती, हे कसे सांगणार?

10 डिसेंबर 2015 रोजी अध्यक्ष ओबामा यांनी त्या कायद्याची जागा घेणाऱ्या कायद्यावर सही केली. परीक्षा राहिल्या, वेगवेगळ्या गटांचे निकालही राहिले. मात्र शंभर टक्क्यांचे फर्मान गेले. केंद्राची मदत घेणाऱ्या शाळांतल्या सर्वांत खालच्या 5 टक्के शाळा आणि एक तृतीयांशाहून अधिक मुले शेवटपर्यंत पोचत नाहीत अशी हायस्कुले, यांनी सर्वांगीण सुधारणेची योजना करावी. एखादी शाळा एरवी बरी असली, पण तिच्यातला एखादा गट सतत मागे पडत असेल, तर त्या गटापुरती योजना करावी. योजना शिक्षक व पालक यांना बरोबर घेऊन करावी आणि गुण आलेले उपायच योजावेत. शिवाय अगदी मागे पडलेल्या शाळांत पैसा, साधने यांची वाटणी मुळात असमान आहे काय, हेही शोधून काढावे. त्यासाठी राज्यांनी गरीब शाळांच्या निधीतला 7 टक्के भाग बाजूला ठेवावा. या कायद्याने सारे साधले, असे मुळीच नाही. अंतर अजून उरलेच आहे. पण ‘तू का मागे?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तुला काय कमी पडते?’ हा प्रश्न कायद्यात लिहिला गेला, हे थोडे नव्हे.

वैद्य नाडी पाहतो ती रोग्याला दंड करण्यासाठी नव्हे, आणि नाडी न पाहता औषध देणाराही वैद्य नव्हे. परीक्षा नकोच म्हणणारे आणि परीक्षेवरच सारे टांगणारे, दोघेही या इतिहासातून शिकू शकतील. कच्चे मूल कोणते, हे लपवून त्याचे भले होत नाही. ते दाखवून त्याच्या मास्तरची भाकरी काढून घेतल्यानेही होत नाही. जिथे निकाल सर्वांत खाली, तिथे सर्वांत चांगला शिक्षक जावा, टिकावा आणि त्याचे पोट निश्चिंत असावे. जोतीरावांनी 1882 साली मागितले ते याहून फारसे निराळे नव्हते. आपल्या गावच्या शाळेचा निकाल हाती येईल तेव्हा वरचे आकडे जरूर पाहावेत. पण मग खालची नावेही वाचावीत, आणि त्यांच्यासाठी या वर्षी शाळेने काय अधिक केले, हे गुरुजींना आपुलकीने विचारावे.