वाल्देमोसाच्या मठातील हिवाळा

कोरगावात आषाढाची झड लागली की घरांच्या भिंती ओल धरतात. स्पेनच्या मायोर्का बेटावर ही झड हिवाळ्यात लागते. १८३८ च्या नोव्हेंबरात पोलिश संगीतकार फ्रेदरिक शोपँ प्रकृती सुधारावी म्हणून पॅरिसहून तेथे गेला आणि पावसात सापडला. लेखिका जॉर्ज साँद व तिची दोन मुले बरोबर होती. तिघा वैद्यांनी तपासले. क्षयाची बोलवा होताच घरमालकाने बिऱ्हाड खाली करविले. आश्रय मिळाला तो वाल्देमोसाच्या ओसाड मठात. तेथील संन्यासी सरकारने १८३५ साली घालविले होते. गोव्यातील मठही त्याच वर्षी रिकामे झाले.

शोपँचा पियानो जकातीत अडकून पडला. हाताशी उरले एक गावठी वाद्य आणि बाखच्या स्वरलिपी. तापातून संगीत स्फुरले असे म्हणण्याची रूढी आहे. ती न्याय्य नव्हे. ‘प्रेल्यूद’ नावाच्या त्या चोवीस लहान रचनांपैकी कित्येक त्याने आधीच आरंभिल्या होत्या. येथे खोकत खोकत त्या तपासल्या, पुऱ्या केल्या आणि जानेवारी १८३९ मध्ये हस्तलिखित पॅरिसला धाडले. पियानो मठात पोहोचला तो त्याच महिन्यात!

फेब्रुवारीत डुकरे वाहणाऱ्या बोटीतून तो परतला. खोकल्यातून रक्त पडत होते. पियानो मात्र बेटावरच विकावा लागला.