माळवद कोसळण्याआधी : किल्लारी भूकंपाचा घटनाक्रम, कडा गावासाठी

सुमारे 11 महिने आधी. 18 ऑक्टोबर 1992. किल्लारीला जमीन हादरते, घरांच्या भिंतींना तडे जातात. लोक काही दिवस अंगणात, शेतात झोपतात. पुढे धक्के विरळ होतात आणि अंथरुणे पुन्हा घरात येतात.

पावसाळ्याआधी. गळती थांबावी म्हणून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढऱ्या मातीचा नवा थर पडतो. जुना कोणी उतरवत नाही. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे चार टनांहून जास्त वजन. भिजली की आणखी. खाली दगड-मातीच्या जाडजूड भिंती, पण सांधे मातीचेच.

29 सप्टेंबर 1993, संध्याकाळ. गणेश विसर्जनाच्या मिरवणुका.

मध्यरात्रीनंतर. दमलेली माणसे माळवदाखाली झोपतात.

30 सप्टेंबर, पहाटे 3.56. भूकंप. भिंतींचे दगड सुटतात, आधार गेलेले माळवद माणसांवर येते. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर होता, त्यांतल्या अनेकांच्या भिंती ढासळल्या, पण छत उभे राहिले.

दिवस उजाडल्यावर. लातूर-उस्मानाबादची 52 गावे उद्ध्वस्त. मृतांची संख्या हजारोंत. मातीच्या ढिगाऱ्याखाली श्वास घ्यायला पोकळीही फारशी उरली नव्हती.

भूकंपाची वेळ कोणी सांगू शकत नव्हते. छताचे वजन आणि भिंतीचे तडे मात्र वर्षभर डोळ्यांसमोर होते.

कडा गावातल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे माळवदाच्याच, घरांना भूकंपापेक्षा पावसाचा धोका जवळचा. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत कडी नदीला पूर आला. भिजलेली भिंत पावसातच पडते असे नाही. ऊन पडल्यावर, सगळे निर्धास्त झाल्यावरही ती बसते. अशा पडझडीचा घटनाक्रम साधारण असा चालतो :

काही दिवस आधी. तुळईच्या टोकाशी ओल, वाळवीची माती, छताला झोळ, भिंतीला फुगवटा. त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला लेखी कळवा, पोच घ्या. फोटो बाहेरून, लांबून काढा. बघायला माळवदावर चढू नका.

काही तास आधी. वरून माती झरते, दार अडकू लागते, तडा रुंदावतो. आता दुरुस्ती नाही, टेकूही नाही. म्हातारी माणसे, लेकरे आधी बाहेर. दावणीची जनावरे जाता जाता सोडता आली तरच. शेजाऱ्याला हाक मारा, भिंत सामाईक असते.

शेवटची मिनिटे. लाकूड करकरते. दागिने, कागदपत्रे, धान्य, कशासाठीही आत परतू नका.

बाहेर पडल्यावर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर किंवा 112 वर फोन करा. पंचनामा नंतर होतो, तोवर ढिगाऱ्याजवळ कोणाला जाऊ देऊ नका. घर पडल्यावर तलाठ्याकडे जावेच लागते. ते पडण्याआधी जा.