तीन नवरात्रं आणि दहा हजारांचं कर्ज

आजचा इतिहास फार जुना नाही. कोरोनाकाळातले फोटो तुमच्या मोबाईलमध्ये अजून असतील. त्या काळात माहूर गडाखाली ओटीचं सामान, कुंकू, बांगड्या विकणाऱ्यांपर्यंत सरकारी मदत कोणत्या वाटेनं आली, ते आज बघू.

आधी थोडं मागे जाऊ. मार्च २०२० मध्ये राज्यात साथरोग कायदा लागू झाला. तो १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. बंदी घालायचे अधिकार त्यात भरपूर आहेत. नुकसानभरपाईचा उल्लेख मात्र कंसात, तोही 'असल्यास' अशा अर्थाचा! म्हणजे दुकान बंद करायला कायदा तयार होता, पण बंद दुकानाच्या पोटापाण्याचं काय, हे प्रत्येक वेळी नव्यानं ठरवायचं.

आता माहूरचं बघा. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेलं हे गाव. इथल्या छोट्या विक्रेत्याचा धंदा यात्रेवर चालतो. मार्च २०२० मध्ये मंदिरं बंद झाली, ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. एप्रिल २०२१ मध्ये परत बंद, ते थेट ७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपर्यंत. हिशोब करा: चैत्र २०२०, आश्विन २०२०, चैत्र २०२१. सलग तीन नवरात्रं भाविकांविना गेली.

१ जून २०२० ला केंद्रानं पीएम स्वनिधी योजना आणली. पथविक्रेत्याला तारण न ठेवता १०,००० रुपये, फेड वर्षभरात. हप्ते वेळेवर भरले तर ७ टक्के व्याज-अनुदान आणि पुढे २०,००० चं कर्ज. सावकाराच्या दारात जायची वेळ टळू शकते, ही मोठीच गोष्ट. पण ते कर्ज होतं. भाजीवाल्याचं गिऱ्हाईक टाळेबंदी उठली की परत येतं. देवीच्या दारातल्या विक्रेत्याचं गिऱ्हाईक मंदिर उघडल्याशिवाय कसं येणार? दिवाळीनंतर कर्ज घेतलं असेल, तर वर्षाचे हप्ते संपायच्या आत मंदिर पुन्हा बंद!

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं थेट मदत जाहीर केली, १,५०० रुपये. पण कुणाला? 'नोंदणीकृत' फेरीवाल्यांना. खरी मेख या शब्दात आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण करून प्रमाणपत्र द्यायचं ठरलं होतं. ज्याचं नाव यादीत, तो सरकारला दिसणार. स्वनिधीत निदान एक सोय होती: सर्वेक्षणात राहून गेलेल्यांना आणि आसपासच्या खेड्यांतून शहरात येऊन विकणाऱ्यांना स्थानिक संस्थेचं शिफारसपत्र चालायचं. माहूरसारख्या गावात ते नगरपंचायतीकडून घ्यायचं.

मला वाटतं, या काळाचा धडा हाच. संकटात मदतीची रक्कम नंतर ठरते, माणूस कागदावर आहे की नाही हे आधी विचारलं जातं. आणि तो कागद संकट यायच्या आधीच तयार असावा लागतो.

तुमच्या घरात कुणाचा गाडा, पथारी असेल, तर आज घरी एवढंच विचारा: आपली नोंद झालीय का?

भेटू पुढच्या भागात!